डेथ मेटल गाणाऱ्या मुलाकडे आपल्या मुलाला गिटार शिकायला पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की वाड्यावरचा १९ वर्षांचा मुलगा बँडमध्ये डेथ मेटल, म्हणजे घोगऱ्या आवाजातलं, मरणाच्या विषयांचं जड रॉक संगीत गातो, त्याच्या गाण्यांत प्रेतं, रक्त, स्मशान असतं, म्हणून शेजारी त्याच्यावर संशय घेतात. तुमचा मुलगा त्याच्याकडे गिटार शिकतो, तर शिकवणी बंद करावी का? एवढ्यावरून करू नका.

आधी ते संगीत 'भुताटकीचं' का वाटतं ते पाहा. पेटीवर काळी एक आणि पांढरी पाच एकत्र दाबा. कान बेचैन होतो, कारण ते षड्ज आणि तीव्र मध्यम, सहा अर्धस्वरांचं अंतर. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडने १९७० मध्ये याच अंतरावर रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) बांधली आणि पुढच्यांनी ती वाट धरली. यमनातही हेच दोन स्वर आहेत, पण तिथे तीव्र मध्यम पंचमाकडे किंवा धैवताकडे सरकतो आणि ताण सुटतो. मेटलवाले तो मुद्दाम सुटू देत नाहीत. गिटारची जाड तारही बऱ्याचदा पाच अर्धस्वर उतरवतात. साध्या तारा मग सैल पडून फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडतात, म्हणून जाड तारांचा संच घ्यावा लागतो. घोगरा आवाज खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या खोट्या स्वरतंतूंचा, त्याला पोटातून बेताचा श्वास लागतो. खऱ्या रागाने ओरडणाऱ्याचा घसा दोन गाण्यांत बसतो. म्हणजे जे ऐकून शेजारी घाबरतात, तो रियाज आहे.

शब्दांचंही तसंच. गोव्यात पेडण्याला दशावतारी काल्यात काळ्या वेषातला संकासूर वेद चोरतो, पण त्या नटाला कोणी चोर म्हणत नाही. सोंग कुठे सुरू होतं नि कुठे संपतं ते आपल्याला ठाऊक असतं. मेटलचं सोंग आपल्या ओळखीचं नाही, म्हणून गाणारा आणि गाण्यातला 'मी' आपण एकच धरतो.

ही चूक किती महाग पडते ते अमेरिकेतल्या वेस्ट मेम्फिसमध्ये दिसलं. १९९३ मध्ये तिथे ८ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. एका संशयित पोराचा वादग्रस्त कबुलीजबाब आणि सैतानपूजेचा तर्क यांवर १९९४ मध्ये तीन तरुण पोरांना शिक्षा झाली, एकाला तर मृत्युदंड. काळे कपडे आणि मेटलची आवड कोर्टात पुराव्यासारखी मांडली गेली. २००७ मधल्या डीएनए चाचण्यांत तिघांपैकी कोणाशीही जुळणारं काही निघालं नाही. सुटले २०११ मध्ये, १८ वर्षांनी.

उलट बाजूही खरी आहे. नॉर्वेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक मेटल या मेटलच्याच एका प्रकारातल्या काहींनी खरोखर चर्चं जाळली, खूनही केला. त्यांना शिक्षा झाली ती जाळपोळीची आणि खुनाची, गाण्यांची नव्हे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आखलेली रेघ मला पटते: गीतातले तपशील आणि प्रत्यक्ष गुन्हा यांचा ठोस दुवा असल्याशिवाय गीत पुरावा म्हणून दाखवू नये. गाण्यात वाड्यावरच्या कुणाचं नाव, त्याची येण्याजाण्याची वेळ, घराची खूण आली तर ते गंभीर. नुसतं 'मी कबर खणतो' गंभीर नाही.

तुमच्या हातात असलेलं करा. एक तास क्लासला बसा. दार उघडं असतं का? मूल चुकलं तर तो काय करतो? 'हे घरी सांगू नको' असं कधी म्हणतो का? रात्री मुलाला खाजगी मेसेज पाठवतो का? दारू, गांजा आसपास दिसतो का? यातलं एक जरी खरं निघालं तर शिकवणी त्याच दिवशी बंद. भजन शिकवणाऱ्यालाही हीच कसोटी लावा, गोड गाणाऱ्यांना आपण उगाच सूट देतो.

आणि त्या गाणाऱ्या पोराकडेही नीट बघा. गाण्याबाहेर, साध्या बोलण्यात मरणाची भाषा, झोप उडालेली, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं असं दिसलं, तर जवळ बसून सरळ विचारा. विचारल्याने मरणाचा विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, आणि बांबोळीचं मनोरुग्णालय आहे. एकटं पाठवू नका, कोणीतरी सोबत जा.