स्वतःची ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) लिहायचीय? मग आधी हे ठरवा

विंडो, नेटवर्क, स्वतःची फाइल सिस्टिम असं सगळं असलेली ओएस करायचीय. वहीत चाळीस फीचर्स लिहून झालीत, सुरुवात कुठून करू?

ती वही फाडू नका, फक्त बाजूला ठेवा. पहिला टप्पा एवढाच, की कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, सुरू झाला आणि सिरियल पोर्टवर (मजकूर बाहेर पाठवायची साधी वाट) एक ओळ आली. मग इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक), टायमर, मग मेमरी म्हणजे ४०९६ बाइटची पानं देणं-घेणं आणि पेजिंग (प्रोग्रॅमला दिसणारे पत्ते खऱ्या पानांशी जोडणं), आणि त्यानंतर कुठे दोन टास्क आलटून पालटून चालवणारा शेड्युलर घ्या. टप्पा संपला हे कशावरून कळणार ते आधीच लिहून ठेवा, म्हणजे "स्क्रीनवर अ आणि ब आळीपाळीने येतात" असं डोळ्यांना दिसेल असं काहीतरी, कारण "शेड्युलर पूर्ण करणे" असं लिहिलंत तर तो कधीच पूर्ण होत नाही. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ ला आपल्या ओएसबद्दल लोकांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हा नुसता छंद आहे असंच म्हटलं होतं, पण बॅश हा शेल (कमांड घेणारा प्रोग्रॅम) आणि जीसीसी हा कंपायलर त्यावर तोवर चालायला लागले होते!

आणि काय करणार नाही तेही लिहा. एकच प्रोसेसर, यूएसबी नाही, असं ठरलं की डोकं खूप हलकं होतं.

बूटलोडर, म्हणजे कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्रॅम, स्वतः लिहू का?

शिकायला एकदा जरूर लिहा, डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये शेवटचे दोन बाइट सहीचे (इथून बूट होतं ही खूण), उरलेल्यात काय बसवता येतं ते बघायला खरंच मजा येते. प्रोजेक्टला मात्र ग्रब किंवा लिमिन असा तयार बूटलोडर घ्या, नाहीतर महिने तिथेच जातात आणि कर्नल राहतो बाजूला.

टायमर चालू केला की मशीन लगेच रीबूट होतं. कोड दहा वेळा वाचला, चूक सापडत नाही.

तुमचा टायमरचा कोड बहुतेक बरोबरच असेल. बायोसच्या सेटिंगप्रमाणे जुन्या पीआयसीकडून (इंटरप्ट प्रोसेसरपर्यंत पोचवणारी चिप) टायमरचं इंटरप्ट ८ नंबरवर येतं, आणि प्रोसेसरच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये ८ म्हणजे डबल फॉल्ट, एक चूक हाताळताना झालेली दुसरी चूक. म्हणजे पहिली टिक आली की प्रोसेसर ८ नंबरचा हँडलर (तो नंबर आला की चालायचा कोड) शोधतो, तो नसेल तर फॉल्टवर फॉल्ट होत ट्रिपल फॉल्ट आणि रीबूट. हँडलर असला तरी खरा डबल फॉल्ट स्टॅकवर (परतीचा पत्ता ठेवलेली मेमरी) एरर कोड टाकतो, टायमर टाकत नाही, त्यामुळे परत जाताना स्टॅक बिघडतो. मीसुद्धा ह्यावर दोन रात्री घालवल्यात. पीआयसी ३२ पासून रीमॅप करा, म्हणजे त्याचे इंटरप्ट ३२ नंबरपासून पुढे येतील, आणि हँडलरच्या शेवटी पीआयसीला "झालं" असं कळवायला विसरू नका, नाहीतर एकच टिक येईल आणि सगळं गप्प. म्हणून प्लॅनमध्येच लिहून ठेवा, की एक्सेप्शनचे, म्हणजे प्रोसेसर स्वतः दाखवतो त्या चुकांचे, ३२ हँडलर आधी आणि इंटरप्ट चालू करणं नंतर. क्यूएमूला (कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) रीबूट करू नको असं सांगून इंटरप्टचा लॉग लावलात तर शेवटचा फॉल्ट समोरच दिसतो.

आम्ही तिघे मित्र आहोत, काम कसं वाटायचं?

मेमरीपर्यंत वाटूच नका, सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलं असतं की तिघांनी हात घातला तर रोज भांडण. एकाने लिहायचं, दुसऱ्याने शेजारी बसून वाचायचं. तिसऱ्याने तोवर क्रॉस कंपायलर (दुसऱ्या सिस्टिमसाठी कोड बनवणारा कंपायलर) तिघांकडे सेम व्हर्जनचा बसवायचा आणि एक स्क्रिप्ट करायची, जी प्रत्येक कमिटला (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाला) क्यूएमूत बूट करून सिरियलवर ठरलेली ओळ आली का ते बघेल, नाही आली तर ते कमिट मेन ब्रँचमध्ये जाणार नाही. हे काम दुय्यम समजू नका हं, तुमच्यातला सगळ्यात काटेकोर जो असेल त्यालाच द्या.