गौरीजेवणाच्या भाज्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीत गौरीजेवणाला प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येतो. यंदा माझ्याकडे २५ जणांसाठी अळूची पातळ भाजी आहे. गेल्या वर्षीच्या अळूने घसा खवखवला आणि हरभऱ्याची डाळ दाताखाली येत होती. काय चुकलं असेल? (कोथरूड)

उत्तर : दोन्ही दोष आंबटाचे आहेत. एक आंबट कमी पडल्याचा, दुसरा आंबट लवकर पडल्याचा.

अळूच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. पानं पुरती शिजली आणि चिंच बेताची पडली की हा त्रास होत नाही. पण तीच चिंच किंवा आंबट चुका डाळीबरोबर कुकरमध्ये गेला, तर डाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी मऊ होत नाही. म्हणून आधी सगळं शिजवायचं, आंबट मागाहून.

अंदाज असा : अळूची मध्यम ५० पानं देठांसकट, चुक्याच्या २ जुड्या, हरभरा डाळ सव्वा वाटी, शेंगदाणे १ वाटी, बेसन अर्धी वाटी, लिंबाएवढ्या दोन गोळ्यांची चिंच, गूळ पाऊण वाटी, गोडा मसाला ३ मोठे चमचे. मंडईत ‘भाजीचं अळू’ असं सांगूनच घ्या, वडीचं वेगळं असतं. डाळ-दाणे ३ तास भिजवा. हाताला तेल लावून देठ सोला, पानं बारीक चिरा. कुकरच्या एका भांड्यात पानं-देठ, दुसऱ्यात डाळ-दाणे, ४ शिट्ट्या. चुका वेगळा, झाकण ठेवून पाच मिनिटांत शिजतो.

आता घाटणं. अळू आणि चुका गरम असतानाच डावाने चांगला घोटा, देठाचा दोरा दिसता कामा नये. बेसन गार पाण्यात कालवून त्यात मिसळा; गरम अळूत कोरडं टाकलंत तर गुठळ्या होतात आणि मग त्या फुटत नाहीत. तेलाच्या फोडणीत मोहरी, मेथीचे १०-१२ दाणे, हिंग, हळद, हिरव्या मिरच्या, ओल्या खोबऱ्याचे काप. त्यावर अळू, मग डाळ-दाणे, चिंचेचा कोळ, गूळ, मसाला, मीठ घालून १५ मिनिटं मंद उकळा. चमचाभर गार करून चाखा. जिभेला जरा जरी चुरचुरलं, तर आणखी थोडा कोळ घालून दहा मिनिटं उकळू द्या. बेसनामुळे भाजी निवताना आळते, त्यामुळे घरून निघताना ती ताटात वाढण्यापेक्षा थोडी सैलच हवी. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात हे अळू अजिबात करू नका. चिंचेने धातू भाजीत उतरतो.

प्रश्न : बटाट्याची पिवळी भाजी सकाळी ८ वाजता करून कॅसरोलमध्ये भरली. दुपारी १ वाजता झाकण उघडलं तर भाजी चिकट आणि आंबूस. बटाटे चांगले होते. (सहकारनगर)

उत्तर : बटाट्यांचा दोष नाही. वाफाळती भाजी बंद डब्यात घातली की झाकणाला पाणी सुटतं आणि परत भाजीवरच ठिबकतं. पाच तास ती धड गरम नाही, धड गार नाही अशी राहते, आणि भाजी विटायला तेवढं पुरतं. वर ओलं खोबरं असेल तर आणखी लवकर. चिकटपणाचं कारण वेगळं : गरम बटाटे चिरून वारंवार ढवळले की त्यांची फोड मोडते आणि पिठूळ अंश बाहेर येतो.

बटाटे आदल्या रात्री उकडून सालीसकट फ्रिजमध्ये ठेवा. गार बटाट्याची फोड कडक राहते. २५ जणांना, इतर भाज्या असताना, अडीच किलो पुरे. त्याला दहा मोठे चमचे तेल, १५ मिरच्या, २ चमचे हळद, १ चमचा हिंग, किसलेलं आलं, कढीपत्ता, साधारण ५ सपाट चमचे मीठ, ३ चमचे साखर. मीठ-साखर फोडींवर भुरभुरा आणि उलथन्याने खालून वर अशी दोन-तीनदाच परता. भाजी निघण्याच्या आधी तासभर करा. त्याआधीच करायची वेळ आली, तर परातीत पसरून पूर्ण गार करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तिथे पोचल्यावर वाफ येईपर्यंत गरम करा. लिंबू, कोथिंबीर, खोबरं वेगळ्या डब्यांतून न्या आणि वाढताना घाला. सणाच्या पानावर विटलेली भाजी कुणाच्याही वाट्याला येऊ नये, तेव्हा एवढा खटाटोप कराच.

प्रश्न : खमंग काकडीला जेवणापर्यंत पाणी सुटतं. (औंध)

उत्तर : मीठ लवकर पडतं म्हणून. दीड किलो काकडी चोचवून हाताने हलकी पिळा; ते पाणी कणकेत वापरा. दाण्याचा कूट वाटीभर, साखर, मिरचीची गार फोडणी हे सगळं वेगळं न्या. पानं मांडल्यावर कालवा, मीठ आणि लिंबू सगळ्यांत शेवटी. कूट जाडसर हवा. अगदी पूड केली तर कोशिंबीर लगद्यासारखी होते.