ग्रामपंचायतीच्या खर्चाचा गावाच्या आरोग्याशी खरंच संबंध असतो का?

असतो, पण दवाखान्याच्या इमारतीपेक्षा नळ आणि गटारातून जास्त. जवळचं उदाहरण हुबळी-धारवाडचं. तिथं काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं (बेळगावातही काही वॉर्डांत आलं), तेव्हा संशोधकांनी बाकीच्या वॉर्डांशी तुलना केली. 2015 साली निष्कर्ष छापून आले: टायफॉइड कमी, गरीब घरांतल्या लहान मुलांना रक्ताची आव कमी, साधे जुलाब मात्र घटलेले दिसले नाहीत. म्हणजे पैसा ओतला की आजार गेला, इतकं सरळ नाही.

खेड्यांत रस्त्याच्या काँक्रीटवरून सगळे भांडतात, पाण्याच्या टाकीवरून कुणी नाही. खरं तर 15व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी पंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता. कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या ग्रामसभेत बसलात तर पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) विचारा: टाकी शेवटची कधी धुतली, क्लोरीन कोण टाकतं, गटाराजवळची गळती कधी काढणार? जमाखर्चाचे कागद कन्नडमध्ये असतात, तेवढा वाचणारा एखादा पोरगा सोबत न्या.