ईमेल न्यूजलेटरच्या यादीत रोज खोटी नावं भरली जात आहेत, ती कशी थांबवायची?

तुम्ही लिहिलंय की महिन्याभरात यादीत पाचशेच्या वर नवी नावं आली, नावाच्या जागी नुसती अक्षरांची खिचडी आहे, कुणीच मेल उघडत नाही आणि तुम्ही रोज रात्री बसून एकेक नाव उडवता. आधी नळ बंद करा, मग फरशी पुसा.

मी सहा वर्षं दर पंधरवड्याला एक पत्र पाठवते. असा पूर माझ्याकडेही आला होता. पत्ते खोटे आहेत, म्हणजे नुकसान काय ते माझ्या आकडेवारीचं, असंच मी धरून चालले होते. मग एका बाईंचं उत्तर आलं : "मी तुमचं पत्र मागितलं नव्हतं. कालपासून मला असे चारशे मेल आलेत, मला माझे कामाचे मेल सापडत नाहीयेत." त्या ढिगाऱ्याखाली त्यांच्या कार्डावर झालेल्या खरेदीची सूचना दबली होती. चोराला नेमकं तेच हवं होतं. बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, शेकडो फॉर्ममध्ये एकच पत्ता भरतो, मेलचा पाऊस पडतो आणि महत्त्वाची सूचना त्यात हरवते. यादीतली नावं खोटी असतील, पण पत्त्यामागचा माणूस पुष्कळदा खरा असतो. ऑगस्ट २०१६ मध्ये असाच मोठा हल्ला झाला, त्यात कितीतरी सरकारी पत्ते आणि सायबर सुरक्षेवर लिहिणारे पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांची इनबॉक्स भरून गेली होती. त्यानंतर स्पॅमहाउस या स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने उघडे, म्हणजे पुष्टी न मागणारे, फॉर्म ठेवणाऱ्यांचे सर्व्हर काळ्या यादीत टाकले.

म्हणून 'डबल ऑप्ट-इन लावा' एवढंच सांगून मी थांबणार नाही. ते लावाच. पत्ता भरल्यावर पुष्टीचा मेल जातो आणि त्यातली लिंक दाबल्याशिवाय नाव यादीत येत नाही. पण त्या बाईंना आलेले चारशे मेल बहुतेक पुष्टीचेच होते! यादी स्वच्छ राहिली तरी त्रास त्यांना झालाच. बॉटला फॉर्मपाशीच अडवायला हवं.

माझ्याकडे सगळ्यात जास्त काम हनीपॉटने केलं. फॉर्ममध्ये एक जादा रकाना ठेवायचा आणि तो सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने) नजरेआड करायचा. माणसाला तो दिसत नाही, म्हणून रिकामा राहतो. बॉट दिसेल ते भरत सुटतो. रकाना भरलेला आला की नोंद टाकून द्यायची, मेल पाठवायचाच नाही. इथे माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. मी त्या रकान्याला 'फोन' नाव दिलं होतं. ब्राउझर लोकांचा नंबर तिथे आपोआप भरायचा आणि चांगले वाचक बाहेर पडायचे. नाव असं द्या की ब्राउझर ते ओळखणार नाही, आणि ऑटोकम्प्लीट बंद ठेवा. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी 'ही जागा रिकामी सोडा' असं लेबलही हवं.

याच्या जोडीला वेळ मोजा. पान उघडल्यापासून दोन सेकंदांत फॉर्म भरून आला, तर तो बहुधा माणसाने भरलेला नाही. तरीही गळती राहिली तर क्लाउडफ्लेअरच्या टर्नस्टाइलसारखं, समोर माणूस आहे की बॉट ते तपासणारं काहीतरी लावा, त्यात बहुधा वाचकाला चित्रं ओळखत बसावं लागत नाही. आयपी (इंटरनेटवरचे यंत्रांचे पत्ते) अडवण्यात फार वेळ घालवू नका, बॉट ते सारखे बदलतात.

दोन बारीक गोष्टी. पुष्टीच्या मेलमध्ये 'नमस्कार अमुक' असं नाव छापू नका. काही बॉट नावाच्या जागी जाहिरातीची लिंक भरतात आणि ती तुमच्याच मेलमधून तिसऱ्याच माणसाकडे जाते. दुसरं, पुष्टीची लिंक नुसती उघडली म्हणून नोंद पक्की करू नका. कंपन्यांचे मेल तपासणारे स्कॅनर लिंका आपोआप उघडतात. उघडलेल्या पानावर 'होय, मला पत्र हवंय' असं बटण ठेवा.

हे टाळलं तर त्याची किंमत खऱ्या वाचकांना मोजावी लागते. तक्रारी वाढल्या की मेल स्पॅममध्ये पडू लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांकडून तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत मागतात, म्हणजे हजारात तीन. तुमची यादी लहान आहे, पण लहान यादीत पाच-सहा तक्रारींनीही घात होतो.

आता आधीच आलेल्या पाचशेंचं. पूर सुरू झाला ती तारीख शोधा आणि त्यानंतर आलेल्यांपैकी ज्यांनी एकदाही काही उघडलं किंवा दाबलं नाही, त्यांना वेगळं काढा. जीमेलच्या पत्त्यात भलत्याच जागी टिंबं पेरलेली दिसली तर संशय पक्का धरा : जीमेल टिंबं मोजतच नाही, त्यामुळे बॉट एकाच इनबॉक्सचे अनेक पत्ते बनवतो. हे सगळे एका दमात उडवा. "तुम्हाला अजून पत्र हवंय का?" असं त्यांना विचारू नका. तोही त्यांच्या ढिगाऱ्यात आणखी एक मेल होईल.