कुलूप लावलेली घरंही मोज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आवारात ग्रामविकास शिकायला तू चाललीस, हे कळलं. तुला धास्ती आहे सेमिनारची. वर्गात देशभरातली मुलं, बोलणं इंग्रजीत आणि तू मराठी माध्यमातली. धीर आहे तो एकाच गोष्टीचा, की खेडं तुला माहीत आहे. मला उलटं वाटतं. इंग्रजीची अडचण वर्षभरात बरीचशी सुटते. 'गाव मला माहीत आहे' ही समजूत मात्र सुटता सुटत नाही आणि सेमिनारात मुलं पडतात ती बहुतेक तिच्यामुळेच.

गाव माहीत आहे म्हणजे आपल्याला आपली आळी, भावकी, शेताची वाट आणि पाण्याची जागा माहीत असते. पलीकडच्या वस्तीवर मे महिन्यात टँकर कुठं उभा राहतो आणि हंडा भरायला कोण आधी पुढं होतं, हे बहुधा माहीत नसतं. ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली लिहून ठेवलंय की बाहेरून येणारा अभ्यासक डांबरी रस्त्याच्या कडेचं गाव पाहतो, पुढाऱ्यांना आणि पुरुषांना भेटतो, आणि येतो तो चिखल वाळल्यावर, सुगी झाल्यावर. तो गरिबी पाहतच नाही. तुझ्या वर्गात हे नाव पहिल्याच महिन्यात येईल आणि सगळे मान डोलावतील. त्यात धाराशिव-बीडकडची एक भर तू घाल. इथं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि परततात मार्च-एप्रिलमध्ये. कॉलेजांच्या पाहण्या पडतात नेमक्या डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे ज्यांच्यासाठी पाहणी करायची, त्यांच्याच दाराला कुलूप.

म्हणून गावात गेल्यावर प्रश्नावली पिशवीतच ठेव. पहिला दिवस फक्त चालायचं आणि घरं मोजायची. ग्रामपंचायतीचा नमुना ८ मागून घे, पण त्यावर विसंबू नकोस. तो कर आकारणीचा कागद आहे, त्यात घरं असतात, चुली नसतात. एका घरात तीन भावांच्या तीन चुली असल्या तरी नोंद एकच असू शकते आणि गायरानावरची झोपडी तर कधी नसतेही. हातानं नकाशा काढ, प्रत्येक घराला क्रमांक दे, कुलूपबंद घरालासुद्धा. समज २४० घरं भरली आणि तुला ३० हवीत, तर दर आठवं घर घ्यायचं. सुरुवात १ ते ८ मधल्या चिठ्ठीनं ठरवायची. आठवं घर बंद निघालं की शेजारचं घेऊन मोकळं व्हायचं नाही. सगळी गडबड इथंच होते. शेजारचं घर उघडं आहे, कारण ते स्थलांतर करत नाही. अशी पाच-सहा घरं बदललीस की गाव कागदावर आपोआप सुखवस्तू होतं. वेगळ्या वेळी दोनदा जा, तरी बंदच असेल तर 'बंद' लिही आणि शेजाऱ्याला विचार, कुठं गेलेत, किती जण, केव्हापासून. ३० पैकी ७ घरं बंद, हाच तुझ्या सेमिनारचा पहिला निष्कर्ष ठरू शकतो.

आता शब्दांकडे ये, कारण तुझी खरी ताकद तिथं आहे. गावात कुणी म्हणालं, 'आमच्या गावातनं चाळीस कोयते गेले', तर तुझा ओडिशाचा किंवा दिल्लीचा वर्गमित्र 'चाळीस मजूर' असं टिपून घेईल. कोयता म्हणजे जोडी, बहुतेक नवरा-बायको. एकटा माणूस तो अर्धा कोयता. म्हणजे माणसं ऐंशी झाली आणि गळाली ती बाई, जिच्या कामाचा हिशेब मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्याच्या, वहीत सहसा नवऱ्याच्या नावावर असतो. 'उचल'चंही तसंच. तिला नुसती आगाऊ मजुरी म्हणून चालत नाही. हंगामात ती फिटली नाही तर उरलेली पुढच्या साली बोकांडी बसते. बटई, खंड, सालगडी, पाळी, वाटेकरी हे शेतीच्या व्यवहारातले शब्द निबंधात आहेत तसेच ठेव आणि पहिल्यांदा येतील तिथं एका वाक्यात उलगडून सांग. इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसलीस की निम्मा अर्थ गळून जातो, आणि तुझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून तो गळला असं कुणालाही वाटत नाही. सगळ्यांना तो इंग्रजी शब्दच खरा वाटतो.

या ताकदीचा एक तोटा आहे, तो आधीच सांगते. क्षेत्रभेटीला सहा जणांचा गट जाईल, त्यात मराठी येणारी कदाचित तू एकटीच. तू दुभाषी होशील. दिवसभर तू बोलशील, बाकीचे लिहितील आणि रात्री तुझी वही कोरी. सेमिनारात मग तुझ्याच तोंडून गेलेली माहिती दुसऱ्याच्या नावानं ऐकशील. पहिल्याच दिवशी गटात ठरवून टाक: पाऊण तास दुभाषाचं काम, मग पंधरा मिनिटं सगळे गप्प आणि तू लिहिणार. वहीच्या डाव्या पानावर माणूस बोलला ते त्याच्याच शब्दांत, उजव्या पानावर तुला काय वाटलं ते. ही दोन पानं एकमेकांत मिसळली की महिन्याभरानं तुलाच कळत नाही, म्हातारी काय म्हणाली होती आणि तू काय समजली होतीस. नोंदी त्याच रात्री पक्क्या करायच्या. मेसमधलं जेवण थंड झालं तरी चालेल.

शिवारफेरीला सकाळी सातच्या आत निघ. माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालायचं, उलटं नाही, म्हणजे माती कुठं बदलते, विहिरी कुठून सुरू होतात आणि चांगली जमीन कुणाकडं आहे, हे ओळीनं दिसतं. विहिरीची खोली 'सात परस' सांगतील. परस हे माणसाच्या अंगावरून धरलेलं माप, ते गावागणिक आणि माणसागणिक कमीजास्त होतं, म्हणून दोरीला दगड बांधून मोज आणि पाण्याची पातळी वेगळी लिही.

बैठकीत उत्पन्न विचारू नकोस. चार माणसांसमोर कुणी कमी सांगतो, कुणी जास्त, खरं कुणीच सांगत नाही. पेरा किती, पोती किती, कोणत्या महिन्यात विकलं, एवढं विचार, रक्कम तू काढ. बायकांशी बोलायचं तर चुलीपाशी जाऊन बस. ओसरीवर सासरा उत्तर देतो. आणि 'घरकुल कधी मिळणार?' असं विचारलं तर पहिल्याच वाक्यात सांग की तू विद्यार्थिनी आहेस, तुझ्या हाती काही नाही. 'वर कळवते' असं सौजन्यानं म्हणालीस, तर पुढच्या तुकडीला त्या गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

ग्रामसभा बघायची असेल तर अर्धा तास आधी जाऊन बस आणि डोकी मोज. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. ६०० मतदारांच्या गावात ९० माणसं लागतात. सभा संपल्यावर हजेरीच्या वहीतल्या सह्या मोज, मग तुझ्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्हींत फरक निघाला तर लगेच भ्रष्टाचार म्हणून टाकू नकोस. वही नंतर घरोघर फिरते का, तहकूब सभा होती का (तिला गणपूर्तीची अट नसते), आधी महिला सभा झाली होती का, हे विचार. निबंधाचं सोनं त्या उत्तरांत आहे.

आता सेमिनार. वीस मिनिटं मिळाली तर बारा बोलायची, आठ प्रश्नांना. बारा मिनिटांत साधारण १२०० शब्द बसतात, त्याहून जास्त लिहून नेलेस तर शेवट गुंडाळावा लागतो. सगळ्यांची चूक एकच असते. पहिली सहा मिनिटं विकासाच्या व्याख्येवर, पंचायतींच्या ७३व्या घटनादुरुस्तीच्या इतिहासावर, रोजगार हमीचा जन्म महाराष्ट्रात झाला या अभिमानावर जातात आणि स्वतःचा तक्ता शेवटच्या मिनिटात धावत येतो. तू उलटं कर. पहिल्या मिनिटात एक प्रश्न, दुसऱ्या मिनिटात एक तक्ता, मग हा आकडा कुठून आला आणि यात कोण सुटलं. व्याख्या कुणी विचारली तर सांगायची. तक्त्याची एक पानी छापील प्रत सगळ्यांना आधीच वाट, म्हणजे ऐन वेळी वीज गेली तरी तुझं बोलणं थांबत नाही.

टक्केवारी जपून वापर. १८ घरांतली १३ म्हणजे '७२ टक्के', हे ऐकायला भारदस्त आहे, पण एक घर इकडचं तिकडं झालं की साडेपाच टक्के हलतात. '१८ पैकी १३' असंच म्हण. सरासरीचंही तसंच. नऊ कुटुंबांकडं एकेक हेक्टर आणि एकाकडं २१, तर सरासरी निघते तीन हेक्टर, आणि तीन हेक्टरवाला गावात एकही नाही. अशा ठिकाणी सगळे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला आकडा दे, इथं तो एक हेक्टर.

पाण्यावर बोलणार असशील तर एवढं पाठ कर: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. हजार हेक्टरच्या शिवारावर ६०० मिलिमीटर पडला तर ६०० कोटी लिटर झाले. दोन हजार लोकवस्तीला दरडोई ५५ लिटरनं वर्षाला लागतात जेमतेम चार कोटी. मग टँकर का येतो? इथं वर्ग गप्प होतो. पुढं सांग की मोकाट, म्हणजे शेतात सोडून दिलेल्या, पाण्यावरचा ऊस हेक्टरी दोन कोटी लिटरच्या पुढं पाणी पितो, म्हणजे दोन हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्या-वापरायचं पाणी बरोबरीत येतं. मात्र ६०० कोटी 'उपलब्ध' आहेत असं चुकूनही म्हणू नकोस. बाष्पीभवन, वाहून जाणं, मातीत मुरणं हे वजा व्हायचंय. कुणीतरी नेमकं तिथंच पकडतं, आणि पकडलंच पाहिजे.

इंग्रजीचं म्हणशील तर पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन पाठ कर, मधलं तक्ता बोलून घेतो. अडलीस तर मराठी शब्द ठेवून पुढं जा, माफी मागू नकोस. दुसऱ्याच्या निबंधावर प्रश्न विचारताना एकच वाक्य विचारायचं. भाषण करून शेवटी प्रश्नचिन्ह लावणारे वर्गात पुष्कळ असतात. 'या तीस घरांची निवड कशी केली?' हा प्रश्न कोणत्याही भाषेत सोपा आहे आणि निम्मे निबंध त्यावर उभे राहत नाहीत. आणि निबंध वर्गात वाचण्याआधी गावात मराठीत वाचून दाखव, तासाभराचं काम. सर्वात कडक परीक्षक पारावर बसलेले असतात.

आवारातल्या राहण्याबद्दल थोडंच. मेसमध्ये भात की भाकरी यावर भांडण होईलच. ते जातीचं, प्रांताचं आणि पैशाचं भांडण असतं, म्हणून मेस समितीत जाऊन बस. सामुदायिक व्यवस्था कशी मोडते याचा असा धडा वर्गात मिळत नाही. मराठी बोलणाऱ्यांचाच कंपू करून राहू नकोस. झारखंडच्या मुलीला तू मराठी शिकव, तिच्याकडून राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतली, म्हणजे आदिवासी भागातली, गावं समजून घे.

एक विषय सुचवून ठेवते, घे अथवा सोड. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये जी गावं पूर्ण हलवून नव्यानं वसवली, तिथं जमिनीप्रमाणं घरं दिली गेली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्यापुढं ७५०. म्हणजे त्या वेळची जमीनधारणा त्या गावांत भिंतींवर लिहिलेली आहे. आज कोणत्या घराला किती खोल्या वाढल्या, कुठं दोन चुली झाल्या आणि २५०वाल्यांनी अंगण किती झाकून घेतलं, हे मोजपट्टी घेऊन पाहता येतं. मुलाखत नंतर घे, आधी भिंत मोज.

तुझी,
मावशी

ता. क. तीस मीटरची टेप, विजेरी आणि टाचा न घासणारे बूट सोबत ने. नवरात्रात आणि कोजागिरीला क्षेत्रभेट ठेवू नका. सोलापूरकडून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो आणि एसटीचा भरवसा नसतो. घरी यायचं तर त्याआधी दोन दिवस नीघ.