राजा काहीच का बोलत नाही?

प्रिय मनू,

फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली तुझी चिठ्ठी रात्रपाळीहून आल्यावर वाचली. 'आई, राजा दर वर्षी येतो, हार ठेवतो, सलाम करतो आणि काही न बोलता जातो. असं का? आणि मराठी लोकांत लढाईत मेलेल्यांसाठी राजा काय करायचा? बुधवारी वर्गात सांगायचंय.' मी उठेन तेव्हा तू शाळेत असशील, म्हणून लिहूनच ठेवते. अक्षर मोठं काढतेय. अडलं तर बाबाला विचार.

आधी एक दुरुस्ती. हार गळ्यात घालतात. राजा चार्ल्सनं रविवारी लंडनमध्ये, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला, ठेवलं ते पुष्पचक्र.

रविवारी टीव्हीवर अकराचे ठोके पडले तेव्हा बाबा पोह्यांची फोडणी करत होता. मोहरी तडतडली आणि तू त्याला इतक्या जोरात 'शूऽऽ' केलंस की शांतता तुझ्यामुळेच मोडली. पण तो खजील होऊन गॅस बंद करून दोन मिनिटं झारा हातात धरून उभा राहिला, हे मला आवडलं. ही दोन मिनिटं आली कुठून, तिथूनच सुरुवात करते, कारण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी अकरा वाजता थांबलं. पुढच्या वर्षी तो दिवस जवळ आला तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या पर्सी फिट्झपॅट्रिक नावाच्या गृहस्थांनी सुचवलं की सगळ्यांनी एकाच वेळी गप्प राहावं. त्यांचा स्वतःचा मुलगा युद्धात गेला होता. पाचवे जॉर्ज, म्हणजे आताच्या राजाचे पणजोबा, त्यांना हे पटलं आणि ७ नोव्हेंबर १९१९ ला त्यांनी साऱ्या साम्राज्याला तसं आवाहन केलं. म्हणजे गप्प राहायला राजानंच सांगितलं होतं. मग तो तिथं येऊन बोलेल कसा? माझं मत विचारशील तर त्यानं बोलूच नये. तो बोलला की दुसऱ्या दिवशी राजा काय म्हणाला याचीच बातमी होईल, आणि ज्यांच्यासाठी आला ते मागे राहतील.

आपल्याकडे शोकसभेत 'दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून' श्रद्धांजली वाहतात, तो याच १९१९ चा धागा. फक्त आपली दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपतात. माझ्या शाळेतले सर तर डोळे मिटायच्या आत 'बसा' म्हणायचे.

तो पांढरा उंच दगड म्हणजे सेनोटाफ. ग्रीक शब्द आहे, अर्थ रिकामी समाधी. आत कोणी नाही. एडविन लट्यन्स यांनी तो आधी १९१९ च्या जुलैमधल्या एका संचलनापुरता लाकूड आणि प्लास्टरचा केला होता. संचलन झालं की काढायचा, असं ठरलेलं. पण ज्यांची मुलं परदेशात पुरली गेली किंवा सापडलीच नाहीत, त्या आयांना फुलं ठेवायला दुसरी जागाच नव्हती. फुलांचा ढीग लागला, आणि मग तोच आकार दगडात बांधला. ११ नोव्हेंबर १९२० ला पाचव्या जॉर्जनी त्याचं अनावरण केलं. त्याच दिवशी फ्रान्समधून आणलेल्या एका अनामिक सैनिकाची शवपेटी वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरली, आणि तोफगाड्यावरच्या त्या पेटीमागून राजा पायी चालत गेला. कोणाचा मुलगा, कुठल्या गावचा, हे कोणालाच माहीत नसलेल्या माणसामागे. सेनोटाफवर क्रूस नाही, हे तू पाहिलंस का? मेलेल्यांत हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू सगळे होते, म्हणून लट्यन्सनी मुद्दाम कुठल्याच धर्माची खूण ठेवली नाही. दिल्लीचं इंडिया गेटही त्यांचंच.

राजघराण्याला हे नुसतं कर्तव्य म्हणून चिकटलेलं नाही. आताच्या राजाची आजी एलिझाबेथ, तिचा भाऊ फर्गस १९१५ साली लूसच्या लढाईत मारला गेला. १९२३ मध्ये लग्नाला ॲबीत शिरताना तिनं हातातला फुलांचा गुच्छ त्या अनामिक सैनिकाच्या थडग्यावर ठेवला आणि रिकाम्या हातानं बोहल्यावर गेली. (बोहला तिकडे नसतो, कळतंय मला.) तेव्हापासून राजघराण्यातल्या नवऱ्या आपला गुच्छ तिथं पाठवतात. तिचीच मुलगी पुढे राणी झाली. सत्तर वर्षांच्या राज्यात सेनोटाफचा रविवार तिनं अगदी मोजक्या वेळा चुकवला: दोनदा पोटुशी होती, काही वेळा परदेश दौऱ्यावर, आणि २०२१ मध्ये पाठ धरली म्हणून. २०१७ पासून ती वर सज्जात उभी राहायची आणि पुष्पचक्र चार्ल्स ठेवायचे. पायऱ्यांवरून उलट पावली मागे यावं लागतं ना, नव्वदीत ते जड जाणारच.

आता तुझा दुसरा प्रश्न. शिवाजी महाराज पुष्पचक्र ठेवत नव्हते. त्यांनी केलं ते वेगळंच. अफझलखानाच्या प्रसंगानंतर काय झालं ते सभासदाच्या बखरीत आहे. जे कामी आले त्यांच्या मुलांना नोकरीत घेऊन चालवलं, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन लावून दिलं, आणि जखमींना जखमेप्रमाणे होन दिले. 'कामी येणे' हा शब्द लिहून ठेव. मराठीत लढाईत माणूस मरत नाही, कामी येतो. वर्गात सांगताना निम्म्या वेतनाचं आधी सांग. फुलांपेक्षा ते त्या घरांना जास्त उपयोगी पडलं असणार.

पण आठवण ठेवायचं काम आपल्याकडे राजापेक्षा गावानं केलं. तुला आजीच्या गावचा ओढ्याकाठचा काळा दगड आठवतो? तू त्यावर बसायला गेलीस आणि मामी ओरडली होती तो. ती वीरगळ आहे, लढाईत कामी आलेल्याच्या आठवणीचा दगड. गुडघ्याएवढी उंच, तीन मजल्यांची. खाली लढाई, ढाल-तलवार घेतलेला माणूस आणि मागे गाई, म्हणजे गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना तो गेला. मधल्या मजल्यावर अप्सरा त्याला हाताला धरून वर नेताहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. टोकाला चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही आठवण राहो. महाराष्ट्रात अशा शेकडो आहेत आणि बहुतेकांवर नाव नाही. आजी तर त्याला म्हसोबा समजून दर अमावस्येला शेंदूर लावायची, नारळ फोडायची. मी कॉलेजात गेल्यावर मोठ्या दिमाखात तिला सांगितलं, 'आजी, हा देव नाही, माणूस आहे.' ती म्हणाली, 'असू दे की. त्याला कुठं राग येतोय?' आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

पंचांगातही एक दिवस आहे. सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी, भाद्रपद वद्य चतुर्दशीला, बारीक अक्षरात छापलेलं असतं: शस्त्रादिहत पितृश्राद्ध. शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी, ते कुठल्याही तिथीला गेलेले असोत. फरक इतकाच की इथे एका रस्त्यावर सारा देश गोळा होतो आणि आपल्याकडे ते ज्याच्या त्याच्या घरात, केळीच्या पानावर होतं. बाहेरच्याला पत्ताही लागत नाही.

आणि राजाशिवाय माणसं जमतात अशी जागाही आहे, पुण्याजवळचं कोरेगाव भीमा. १ जानेवारी १८१८ ला तिथं इंग्रजांच्या फौजेत पेशव्यांविरुद्ध लढलेल्यांसाठी विजयस्तंभ आहे. त्यावर कामी आलेल्यांची नावं कोरली आहेत, त्यांत 'नाक' असा शेवट असलेली महार सैनिकांची नावं आहेत. गावात ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्यांची नावं दगडावर. १९२७ साली बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले, आणि आता दर १ जानेवारीला लाखो लोक जातात. कोणी बोलावत नाही.

ही नावांची गोष्ट मला खुपते, म्हणून जरा लांबण लावते. १७६१ ला पानिपतावर हरल्याची बातमी पेशव्यांना सावकारी पत्रातून सांकेतिक भाषेत आली. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि चिल्लर खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. खुर्दा म्हणजे बाकी सगळे. सुटे पैसे. लहानपणी हे वाक्य मी इतिहासाच्या तासाला टाळ्या घेण्यासाठी पाठ म्हणून दाखवायचे. आता म्हणवत नाही.

इंग्रजांनी तरी वेगळं काय केलं? पहिल्या महायुद्धात त्यांची सहावी पुणे डिव्हिजन इराकमध्ये कूत इथं वेढ्यात अडकली. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. एप्रिल १९१६ मध्ये उपाशीपोटी शरण जावं लागलं आणि कैदेत माणसं पटापटा मेली. बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं, त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांची नुसती संख्या. अमुक पलटण, इतके. चिल्लर खुर्दाच. युद्धकबरी सांभाळणाऱ्या आयोगानं २०२१ मध्ये स्वतःच्या चौकशीत हे कबूल केलं आणि माफी मागितली. आजीच्या गावच्या चावडीत संगमरवरी पाटी आहे, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून किती गेले आणि किती कामी आले, असे दोन आकडे. नावं तिच्यावरही नाहीत. चुन्याचे हात देऊन देऊन आकडेही आता बोटानं चाचपावे लागतात.

नाव राहिलेल्यांतलं एक सांगते, वर्गात हेच सांग. यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा पलटणीचे नाईक, वय बावीस. १० जुलै १९४४ ला इटलीत त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगननं पडले, तेव्हा ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, ती बंद पाडली, आणि मग त्यांना गोळी लागली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे शौर्याचं सर्वांत मोठं ब्रिटिश पदक. प्रेत सापडलं नाही, म्हणून नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्यासाठी एक सूर्यघड्याळ बसवलं. त्यांचं नाव पाहायला इतक्या लांब जायला नको. बकिंगहॅम राजवाड्याजवळ मेमोरियल गेट्स आहेत, २००२ च्या नोव्हेंबरमध्ये राणीनं त्यांचं उद्घाटन केलं. तिथल्या छोट्या मंडपात घुमटाच्या आतल्या बाजूला, मान वर करून वाचायचं.

आणखी एक जागा आहे, ब्रायटनच्या वरच्या टेकडीवर. तिला छत्रीच म्हणतात. पावसाची नव्हे, पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे ना, तशी, दहनाच्या जागी बांधलेली. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना तिथं अग्नी दिला. आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या तरुण वास्तुशिल्पीचा. १ फेब्रुवारी १९२१ ला तेव्हाच्या युवराजानं तिचं अनावरण केलं. तोच युवराज त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतात आला. मुंबईत उतरला तेव्हा लोकांनी बहिष्कार घातला, दंगल झाली. दोन दिवसांनी पुण्यात त्याच्याच हातून शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवली. आहे की नाही गंमत? आपल्या राजाचं स्मारक, आणि पहिला दगड त्यांच्या युवराजाचा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ते घडवून आणलं होतं. काहींना ते तेव्हाही रुचलं नाही. मला ते धोरणी वाटतं.

छत्रीजवळ त्या ५३ जणांची नावं मात्र २०१० साली लागली. एकोणनव्वद वर्षांनी.

दर जूनमध्ये तिथं कार्यक्रम होतो. पुढच्या जूनमध्ये आपण जाऊ. गाडी वरपर्यंत जात नाही, कुरणातून पायी चढावं लागतं आणि वाटेत मेंढ्यांची घाण असते, तेव्हा ते पांढरे बूट नकोत. वर गेल्यावर बूट काढायचे की नाही ते तूच ठरव. मी काढते, मागच्या खेपेला मोजे भिजले होते.

पोहे झाकून ठेवलेत. पॉपीची, म्हणजे त्या आठवणीच्या लाल फुलाची, टाचणी दप्तराच्या पट्ट्यात आडवी खोच, उभी टोचते.

आई