पणजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (कापड गिरणीत) होते, पण मूळ गाव माहीत नाही. शोध कुठून सुरू करावा?

कागदांआधी घरातली सगळ्यात वयस्कर आत्या किंवा मामेआजी गाठा. कागद पुढच्या वर्षीही मिळेल, माणसाचं सांगता येत नाही. "कोणत्या साली?" असं विचारू नका, साल कुणालाच आठवत नसतं. "दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याच्या आधी की नंतर?" असं विचारा, 14 ऑक्टोबर 1956 ही खूण नागपूरकर सहसा विसरत नाहीत. कुलदैवत कोणतं, दिवाळीला कोणत्या गावाला जायचे, हेही विचारा. गावाचं नाव बहुतेक वेळा इथूनच निघतं. जुन्या फोटोंची मागची बाजू बघायला विसरू नका, पुष्कळदा स्टुडिओचा शिक्का असतो, त्यावरून फोटो कुठे काढला ते कळू शकतं.

मग आजोबांची प्राथमिक शाळा. तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदवहीत, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख आणि पुष्कळदा जन्मगावही सापडतं. तारखेवर मात्र फार विसंबू नका, तेव्हा गुरुजी अंदाजाने लिहून टाकत.

गाव कळलं की तहसील कार्यालयात कोतवाल बुकाची नक्कल मागा. मध्य प्रांताच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळात कोतवाल गावातले जन्म-मृत्यू नोंदवायचा. त्यात आडनाव पुष्कळदा नसतंच, म्हणून बापलेकांच्या नावांची जोडी शोधा. मजकूर मोडी लिपीत असला तर वाचणारा जाणकार सोबत न्या. जमीन असेल तर अधिकार अभिलेख, म्हणजे ती कोणाच्या नावे होती याची नोंद, तोही काढा.

मिल 1877 मध्ये सुरू झाली, त्यामुळे पणजोबांच्याही आधीची पिढी तिथे असू शकते. आत्याला तेही विचारा.